बीपासून बाग: काय रुजलं, काय हुकलं, कुणाला दिलं

रानजाई

परवा सकाळी समोरच्या घराच्या खिडकीत गुलाबी झिनिया दिसली आणि पाय तिथेच थबकले. तो गुलाबी माझ्या कुंडीतला! वर्षापूर्वी एक वाळलेलं फूल चुरून त्यातल्या बिया मी कागदाच्या पुडीत बांधून दिल्या होत्या आणि नंतर विसरूनही गेले होते. घरी येऊन आठवून आठवून मोजलं. अकरा जणांना दिल्या होत्या. त्यातल्या सहा घरी फुलं आली हे मला ठाऊक आहे, आणि दोघांनी पुढे आणखी कुणाकुणाला बी दिलं. त्या माणसांना मी ओळखतही नाही, पण त्यांच्याकडे फुललेलं फूल माझ्या कुंडीतून निघालेलं आहे. दिवसभर मन भरून आलं होतं.

ज्यांनी झिनियाचं बी कधी धरलं नाही त्यांच्यासाठी: फूल झाडावरच तपकिरी, खडखडीत वाळू द्या. मग एकेक पाकळी उपटा. पाकळीच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं चपटं बी असतं. बोटांत दाबून बघा, पोकळ लागलं तर बाजूला टाका. एका फुलात कुंडीभर रोपांचं बी सहज निघतं.

तयार रोप आणण्यात वावगं काही नाही, मीही आणते. पण बी पेरल्यावर रोज उठून आधी मातीकडे जायची जी ओढ लागते, ती वेगळीच. घेवड्याचं बघा. आधी मूळ खाली जातं, मग मातीला बारीक तडा पडतो आणि त्यातून वाकलेली मान दिसते. कोवळा शेंडा मातीवर घासू नये म्हणून ते रोप पाठीने माती ढकलत वर येतं. उजेड लागला की काही तासांत मान सरळ होते आणि दोन जाड बीजदलं उघडतात. वाटाण्याचं तसं नाही, त्याची बीजदलं मातीतच राहतात. कितीदा पाहिलं तरी मी हातातलं काम टाकून बघत उभी राहते.

तुम्ही बीपासून काय वाढवता, काय साधलं, काय हुकलं, कुणाला दिलं, सगळं लिहा.

नवशिकी

ताई, वाचून इतकं छान वाटलं, पण माझं काही रुजतच नाही. मिरची तीनदा पेरली. बोटाच्या एका पेराएवढा खड्डा करून बी घातलं, वरून माती दाबली, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. दोनदा काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा चार कोंब वर आले, मी सगळ्यांना दाखवले, आणि पाचव्या दिवशी चारही आडवे. देठ मातीपाशी दोऱ्यासारखा बारीक झाला होता. फार वाईट वाटलं. माझा हात झाडांना लागत नाही का?

काळीमाती

हाताचा काही दोष नाही, मनातून काढून टाका. तुम्ही लिहिलंत त्यातच सगळी कारणं आहेत.

पहिलं, खोली. बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरायचं, त्याहून जास्त नाही. मिरचीचं बी चपटं आणि हलकं. उजेडात येऊन पान उघडेपर्यंत त्याला पोटातल्या साठ्यावरच जगायचं असतं. पेरभर खोल घातलंत तर साठा वाटेतच संपतो. वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर भुसभुशीत मिश्रण भुरभुरायचं आणि दाबायचं नाही, नुसता हात फिरवायचा.

दुसरं, ऊब. मिरचीला आणि वांग्याला २५ ते ३० अंश सेल्सिअस लागतं. तेवढी ऊब असली तरी मिरची आठ दिवस घेते, कधी पंधरा-वीसही. गारठ्यात ती महिनाभर तशीच पडून राहते आणि आपण समजतो बी मेलं. मुळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येतो म्हणून मिरचीनेही यावं असं नाही.

तिसरं, पाणी. रुजणाऱ्या बीला ओल लागते तशी हवाही लागते, कारण ते श्वास घेत असतं. माती सतत चिकचिकीत राहिली तर ते गुदमरतं आणि कुजतं. तुमच्या पहिल्या दोन खेपा बहुधा अशाच गेल्या.

आता आडवी पडलेली रोपं. याला मर म्हणतात, रोप कोलमडणे असंही म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया असले मातीतले रोगकारक देठाला जमिनीलगत धरतात. देठ पाणचट होतो, मग बारीक, मग रोप पडतं. पडलेलं रोप वाचत नाही, ते काढून टाका. पुढच्या खेपेला काळजी अशी घ्या:

कुंडी किंवा ट्रे साबणाने घासून उन्हात वाळवा. जुनी माती वापरू नका, कोकोपीट आणि जाडसर वाळूसारखं निचऱ्याचं काहीतरी घ्या. बी रुजेपर्यंत खत अजिबात नको, अर्धवट कुजलेलं शेणखत तर मुळीच नको. ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी पिऊ द्या, वर ओलसर दिसलं की बाहेर काढा. बी दाटीने टाकू नका. आणि कोंब दिसल्या दिवसापासून वारा आणि उजेड दोन्ही द्या. झाकण ठेवलं असेल तर त्याच दिवशी काढा.

पुन्हा पेरा. काय होतं ते इथे नक्की सांगा.

नवशिकी

काका, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मनापासून आभार.

मोजपट्टी

नवशिकी ताई, पेरण्याआधी बी जिवंत आहे का ते पाहून घ्या, म्हणजे महिनाभर वाट बघून निराश व्हायची वेळ येणार नाही. दहा बिया मोजून ओल्या कागदी रुमालावर मांडा, गुंडाळी करा, झाकणाच्या डबीत घालून उबदार जागी ठेवा. एक दिवसाआड उघडून बघा. दहातल्या आठ रुजल्या तर बी उत्तम, चार रुजल्या तर दुप्पट पेरा, एखादीच रुजली तर नवं बी आणा. रुजलेल्या बिया फुकट जात नाहीत, मूळ न दुखवता त्याच कुंडीत लावायच्या.

बी किती टिकतं हे जातीवर अवलंबून आहे. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत मंदावतं. मिरची दोन-तीन वर्षं. टोमॅटो चार-पाच, काकडी त्याहूनही जास्त, अर्थात नीट ठेवलं तर. नीट म्हणजे कोरडं आणि गार. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम आहे: बियांतला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान साधारण पाच अंशांनी उतरलं तरीही दुप्पट. म्हणून मी आधी बी सावलीत चांगलं सुकवतो, मग कागदी पाकिटं काचेच्या बरणीत, बरणीत सिलिका जेलची पुडी, आणि बरणी फ्रीजमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही. बरणी खोलीच्या तापमानाला आली की मगच, नाहीतर गार बियांवर हवेतली वाफ जमते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

आंबा, फणस, लिची यांना मात्र हे लावू नका. त्यांचं बी सुकलं की मरतं. फळातून काढलं की त्याच आठवड्यात मातीत.

टिकण्यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या प्राध्यापकांनी १८७९ साली वीस बाटल्यांत वाळूबरोबर तणांच्या बिया भरून जमिनीत पुरल्या. मातीत बी किती वर्षं तग धरतं ते त्यांना पाहायचं होतं. आधी दर पाच वर्षांनी एक बाटली काढत, मग दहा, आता वीस वर्षांनी. उजेडाने उरलेल्या बिया जाग्या होऊ नयेत म्हणून खोदकाम रात्री करतात. २०२१ साली बाटली उघडली तेव्हा बिया १४२ वर्षांच्या होत्या, आणि त्यातल्या मुलेन या झाडाच्या बिया रुजल्या. पुढची बाटली २०४० साली निघेल.

पानोपानी

मोजपट्टी दादा, रात्री खोदतात हे वाचून अंगावर काटा आला. आपण ज्यांना कधी भेटणार नाही त्यांच्यासाठी कुणीतरी बाटल्या पुरून ठेवल्या!

माझं सांगते. बाबा शेवटची दोन वर्षं अंथरुणालाच होते. पलंग खिडकीशी होता, पण खिडकीतून समोरची भिंतच दिसायची. मी एका पसरट ट्रेमध्ये मेथी पेरून त्यांच्या उशाशी ठेवली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टरफलं डोक्यावर घेऊन कोंब वर आले, तर बाबा सकाळी सहाला मला हाका मारत होते. त्यानंतर ट्रे कधी रिकामा राहिला नाही. मेथी झाली की मुळा, मुळा झाला की मोहरी. कोणत्या दिवशी काय पेरलं आणि कधी उगवलं हे ते थरथरत्या अक्षरात लिहायचे. ती वही माझ्याकडे आहे. त्यातला शेवटचा ट्रे मोहरीचा होता. तो मी पूर्ण वाढू दिला, पिवळी फुलं आली, शेंगा भरल्या. तेच बी मी अजून दर वर्षी पेरते.

वेलबुट्टी

पानोपानी ताई 🌱 यावर लिहायला शब्द नाहीत.

शांतनिळाई

काळीमाती काकांनी खोली सांगितलीच, त्यात थोडी भर घालते. काही बियांवर माती घालायचीच नाही. तुळस, लेट्यूस, पेट्युनिया यांचं बारीक बी ओल्या मिश्रणावर नुसतं टेकवायचं. लेट्यूसची तर कमाल आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी दाखवलं की तांबडा उजेड दिला की लेट्यूसचं बी रुजतं आणि त्यापुढचा, जवळपास डोळ्यांना न दिसणारा अतितांबडा उजेड दिला की थांबतं. एकामागून एक आलटून पालटून दिले तर जो उजेड शेवटी मिळाला त्याप्रमाणे बी ठरवतं. झाडांच्या दाट पानांतून गाळून खाली येणाऱ्या उजेडात हा अतितांबडा भाग जास्त असतो. म्हणजे डोक्यावर मोठ्या झाडांची सावली आहे, इतक्यात उठण्यात अर्थ नाही, एवढं त्या कणभर बीला कळतं.

दुसऱ्या टोकाला कडक कवचाची मंडळी. गोकर्ण, मॉर्निंग ग्लोरी. यांच्या कवचातून पाणी आत शिरत नाही, म्हणून काही बिया महिनोन्महिने तशाच राहतात. पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा. डोळा असतो ती बाजू घासायची नाही. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जी फुगली ती पेरायची, न फुगलेली पुन्हा घासायची. असं केल्यापासून माझी गोकर्णाची एकही खेप वाया गेलेली नाही.

अर्धीकुंडी

मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझ्या खिडकीत दोन तास ऊन येतं. बीपासून केलेली टोमॅटोची रोपं वीतभर उंच, पांढुरकी, लेचीपेची झाली आणि वाकली. शेवटी तयार रोप आणलं, ते जगलं, टोमॅटोही लागले. ज्यांच्याकडे उजेड नाही त्यांनी बीचा हट्ट धरू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. रोप आणलं म्हणून आनंद कमी झाला नाही.

काळीमाती

मान्य आहे. आनंदाला वाट कोणतीही चालते.

तरी ती लेचीपेची रोपं मेली असं समजू नका. उजेड शोधत ती ताणली जातात. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं तर तिथून मुळं फुटतात. रोप दुसऱ्या कुंडीत लावताना वरची पानं तेवढी बाहेर ठेवून बाकी खोड पुरा, आठ-दहा दिवसांत जोर धरेल. हे मिरची-वांग्याला तितकं जमत नाही. आणि दोन तासांच्या उन्हात टोमॅटोपेक्षा पालक, लेट्यूस, पुदिना सुखी राहतात.

अर्धीकुंडी

हे ठाऊक नव्हतं! लेट्यूसचं बी वरवर टेकवून बघते, शांतनिळाई ताईंनी सांगितलं तसं.

वेलबुट्टी

बी धरून दुसऱ्यांना देणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे चूक झाली तर ती आपल्यापुरती राहत नाही.

पाकिटावर संकरित किंवा एफ-वन लिहिलं असेल तर त्या फळातलं बी रुजेल, पण पुढची झाडं आईसारखी निघतील असं नाही. प्रत्येक रोप वेगळं. स्वतःच्या कुंडीत लावून बघायला हरकत नाही, पण दुसऱ्याला अमुक जातीचं म्हणून देऊ नका. देण्यासाठी सरळ वाण घ्या, म्हणजे संकरित नसलेलं, ज्याची पुढची झाडं आईसारखी निघतात.

सुरुवात टोमॅटो, घेवडा, वाटाणा, लेट्यूस यांच्यापासून करा. यांच्या फुलात बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळ धरतं, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी बी बरंचसं शुद्ध राहतं. टोमॅटोचं बी गरासकट वाटीत काढून थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्या. बीभोवतीच्या बुळबुळीत आवरणात रुजणं रोखणारे घटक असतात, ते सुटतं. जड बिया तळाशी बसतात. त्या धुऊन बशीवर वाळवा, कागदावर चिकटून बसतात.

आता वेल. लाल भोपळा, काकडी, दुधी यांच्यात नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि पराग कीटक आणतात. भोपळ्याच्या एकाच प्रजातीतल्या दोन जाती जवळ असल्या की बी मिसळणारच. (दुधी आणि काकडी यांचा एकमेकांशी संकर होत नाही, ती भीती नको.) मिसळ झाली तरी या वर्षीचं फळ नेहमीसारखंच लागतं, फरक त्या बीपासून पुढच्या वर्षी आलेल्या फळात दिसतो. शुद्ध बी हवं तर उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या आदल्या दिवशी दोऱ्याने बांधून ठेवा. मादी कळीच्या मागे चिमुकलं फळ असतं, तीच खूण. भोपळा पहाटे उमलतो, तेव्हा नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलाला लावा आणि ते पुन्हा बांधा. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं काम दिवेलागणीला.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. घरी धरलेल्या बीपासून आलेला दुधी, भोपळा किंवा काकडी कडू लागली तर चव घेतलेला तुकडा थुंकून टाका आणि ते फळ फेकून द्या. शोभेच्या किंवा रानटी जातीशी संकर झाला की क्युकर्बिटासिन नावाचं विषारी कडू द्रव्य वाढू शकतं. शिजवून ते जात नाही. गंभीर विषबाधेच्या, प्राण गेल्याच्याही नोंदी आहेत. अशा वेलाचं बी ठेवू नका आणि कुणालाही देऊ नका.

रानजाई

वेलबुट्टी ताई, ही शेवटची सूचना फार मोलाची. मी आजवर भोपळ्याच्या बिया काही न बघता वाटत होते. आता थांबवते, आणि ज्यांना दिल्या त्यांना आजच कळवते.

काळीमाती

बी हातोहात जाण्यावरून. १९७५ साली अमेरिकेत डायान ओट व्हिली आणि केंट व्हिली या जोडप्याने सीड सेव्हर्स एक्स्चेंज सुरू केलं. त्यामागे डायान यांच्या आजोबांनी दिलेल्या बिया होत्या: एक जांभळी मॉर्निंग ग्लोरी आणि एक गुलाबी टोमॅटो. त्या कुटुंबाकडे युरोपातून आलेल्या. आपण पेरलं नाही तर हे वाण संपेल असं त्यांना वाटलं, आणि अशीच घरगुती वाणं जपणारी माणसं त्यांनी पत्रांतून शोधायला सुरुवात केली. आज त्यांच्याकडे हजारो वाणं आहेत.

याच्या कितीतरी आधी निकोलाय वाविलोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी जगभर फिरून लेनिनग्राडच्या संस्थेत बियांचा प्रचंड संग्रह केला होता. १९४१ साली शहराला वेढा पडला. लोक उपासमारीने मरत होते, आणि त्या संस्थेतले काही लोक तांदूळ, गहू, शेंगदाण्याच्या पोत्यांशेजारी बसून स्वतः भुकेने गेले. बियांना हात लावला नाही. वाविलोव्ह स्वतः तेव्हा स्टालिनच्या तुरुंगात होते, १९४३ साली तिथेच वारले. मी पहिल्यांदा हे वाचलं त्या दिवशी मला पेरायला बसवलं नाही, पाकीट हातात धरून नुसता बसून राहिलो.

मोजपट्टी

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची बीज-तिजोरी २००८ साली उघडली, तिथे उणे १८ अंशांवर बिया ठेवतात. तिथून पहिल्यांदा बी परत मागितलं गेलं २०१५ साली. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची इकार्डा या शेती-संशोधन संस्थेची बीजपेढी वापरता येईनाशी झाली होती. ते बी लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरलं, वाढवलं, आणि २०१७ साली नवं बी पुन्हा तिजोरीत ठेवलं. तिजोरी कितीही गार असली तरी मधूनमधून कुणाला तरी पेरावंच लागतं.

नवशिकी (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांना सांगायला आले आहे. कागदी रुमालात दहा बिया ठेवल्या. आठव्या दिवसापर्यंत काही नाही. अकराव्या दिवशी एकीला पांढरं टोक दिसलं! सोळाव्या दिवसापर्यंत सात. कोकोपीटमध्ये अर्धा सेंटीमीटर, खालून पाणी, पहिल्या दिवसापासून खिडकी उघडी. एकही आडवं झालं नाही. आता सातही रोपांना चार-चार खरी पानं आहेत. वरच्या मजल्यावरच्या मुलाने दोन मागितली, दिली. तो रोज दारात येऊन त्याच्या रोपाची उंची सांगून जातो.

एक विचारायचं होतं. ही मिरची बघून माझ्या मावशीने मला एक जुनी पुडी काढून दिली. त्यावर फक्त "निळी वेल" लिहिलंय. वर्ष नाही, नाव नाही. पाचच काळ्या, तीन धारांच्या बिया आहेत, संत्र्याच्या फोडीसारख्या. पाकीट नवं करायला घेतलं तर त्यावर काय लिहू?

शांतनिळाई

फोडीच्या आकारावरून मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातली वाटते. गोकर्णाचं बी गुळगुळीत आणि लांबट असतं. फूल आल्याशिवाय खात्री नाही. या बिया विषारी असतात, त्या मुलाच्या हाती लागू देऊ नका.

रानजाई

नाव "निळी वेल" असंच राहू द्या, मावशींनी दिलेलं आहे. खाली "मावशीकडून" लिहा आणि या वर्षाचा आकडा घाला. सगळ्या एकदम पेरू नका.

नवशिकी

तसंच लिहिलं. तीन पॉलिश पेपरवर घासून आत्ताच पाण्यात टाकल्या. दोन पाकिटात ठेवल्या आहेत. फूल आलं की पहिलं बी तुम्हाला.

नवशिकी (दुसऱ्या दिवशी)

दोन फुगल्या. तिसरी पुन्हा घासते.